खुणेचा रकाना

बटणांच्या त्या दुकानात तिला सगळे आत्याच म्हणत. खरं तर ती आत्या एकाच मुलीची, मालकाच्या लेकीची. पण ते नाव एकदा दुकानात शिरलं आणि माल पोचवणाऱ्यापासून समोरच्या चष्मेवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलं. तिच्याहून वयाने मोठी गिऱ्हाइकंसुद्धा काउंटरवर कोपर टेकून "आत्या, माझं किती झालं?" असं विचारत, आणि आत्या वर न बघता आकडा सांगे.

दुकान ठोक मालाचं. बटणं, चेनी, दोरे, हुक, अस्तराच्या पट्ट्या. शिंप्याला कापड सोडून जे जे लागतं ते सगळं. भिंतीला छतापर्यंत लाकडी खण, आणि प्रत्येक खणाच्या तोंडावर आतल्या मालातलं एक बटण तारेने बांधलेलं. मागच्या बाजूला तीन पायऱ्या चढून गेलं की काचेची एक खोली. त्या खोलीत आत्या एकवीस वर्षं बसत होती, आणि तिच्यासमोर एकोणीस वर्षं एकच कॉम्प्युटर बसला होता.

काळा पडदा, हिरवी अक्षरं, माउसचं नाव नाही. अमुक बटण दाबलं की बिल, तमुक दाबलं की खातं. आत्याची बोटं त्यावर अशी चालत की बघणाऱ्याला ती पेटी वाजवतेय असं वाटावं. आतला पंखा मात्र इतका घरघरे की फोनवरचं माणूस हटकून विचारी, "तिकडे पाऊस आहे का?"

हा संसार सुखाचा चालला होता. मग पुतणी शिक्षण आटोपून, दोन वर्षं दुसरीकडे नोकरी करून, दुकानात रुजू झाली. घरात तिला चिमणी म्हणत. ती पाच फूट नऊ इंच झाली तरी कुणाला ते नाव बदलावंसं वाटलं नव्हतं. पहिल्याच महिन्यात तिने काचेच्या खोलीत येऊन कॉम्प्युटरभोवती एक चक्कर मारली.

"आत्या, हे सॉफ्टवेअर बदलायला हवं."

"काय बिघडलंय त्याचं?"

"बिघडलं तर दुरुस्त करणारं कुणी नाही. ज्यांनी बनवलं त्यांची कंपनी बंद होऊन आठ वर्षं झाली."

"म्हणजे आठ वर्षं त्यांच्यावाचून आपलं काही अडलं नाही," आत्या म्हणाली आणि पुढच्या बिलाला लागली.

चिमणी हट्टाला पेटणारी नव्हती. ती वाट बघणारी होती. वाट फार बघावी लागली नाही. करखात्याचं पत्र आलं की पुढच्या तिमाहीपासून बिलं नव्या नमुन्यातच हवीत, जुनी चालणार नाहीत. जुन्या सॉफ्टवेअरला नवा नमुना झेपणं शक्यच नव्हतं. भाऊ, म्हणजे दुकानाचा मालक, ते पत्र हातात धरून तीन पायऱ्या चढून वर आला. तो आत्याहून सहा वर्षांनी लहान, पण केस तिच्याआधी पिकलेले.

"ताई, आता माझ्या हातात काही नाही."

"तुझ्या हातात होतं कधी?" आत्याने विचारलं. पण पत्र तिने दोनदा वाचलं, घडी घालून परत दिलं, आणि म्हणाली, "बोलवा कुणाला बोलवायचं ते."

आला तो इंजिनिअर पन्नाशीचा होता. एक चष्मा नाकावर, दुसरा कपाळावर, आणि कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर.

"एकोणीस वर्षांचा हिशेब नव्यात जाईल?" आत्याने विचारलं.

"होऊन जाईल."

"एकही आकडा न गळता?"

"होऊन जाईल."

"आणि नाही झालं तर?"

त्याने नाकावरचा चष्मा काढला, कपाळावरचा खाली ओढला आणि जरा विचार केला. "तेही होऊ शकतं," तो म्हणाला. त्या एका वाक्यामुळे आत्याचा त्याच्यावर थोडा विश्वास बसला.

काम चार दिवस चाललं. इंजिनिअर आत्याच्या खुर्चीत बसला. बसला तो बसला, वर खुर्चीची उंचीही कमी केली. आत्या शेजारी स्टुलावर. एकवीस वर्षांत ती त्या खोलीत स्टुलावर कधी बसली नव्हती. तिथून खोली वेगळीच दिसत होती, आणि आत्याला ती मुळीच आवडली नाही. तिने तोंडाला कुलूप घातलं. विचारलं तरच बोलायचं, तेही मोजून.

तिसऱ्या दिवशी इंजिनिअर एका जागी अडला.

"गिऱ्हाइकांच्या नावाचा रकाना फार तोकडा आहे," तो म्हणाला. "बारा अक्षरांत नाव कापलंय. हे बघा, 'न्यू फॅशन टे', 'न्यू फॅशन टे', 'न्यू फॅशन टे'. एकाखाली एक अकरा आहेत. यातला कोण कुठला ते नव्याला कळणार कसं? शेजारच्या रकान्यात मात्र काहीतरी लिहिलेलं दिसतंय. ते न्यायचं का?"

शेजारचा रकाना खुणेचा. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तो कुठेच छापला जात नसे. ज्याचं त्याने आपल्या सोयीसाठी काही टिपून ठेवावं, एवढाच त्याचा उपयोग. दुकानाची गिऱ्हाइकं तीनशे बारा. त्यांतली निम्मी फॅशन आणि निम्मी टेलर्स. ओळखू कशी यायची? म्हणून आत्याने खुणा घालायला घेतल्या. सुरुवातीला साध्याच होत्या: कोपऱ्यावरचा, मिशीवाला, पुलापलीकडचा. पण एकोणीस वर्षं हा काही थोडाथोडका काळ नव्हे, आणि माणसं कळत गेली की खुणाही मुरत जातात. पैसे मागितले की जो दर वेळी एकच वाक्य म्हणे, तो 'उद्या नक्की'. ऑर्डर सांगण्याआधी जो पोट रिकामं होईपर्यंत श्वास सोडी, तो 'सुस्कारा'. प्रत्येक खेपेला नमुना म्हणून एखादं बटण खिशात टाकणारा 'नमुना एक'. दुसऱ्या गावाहून फोनवर कोटाची बटणं मागवणारा आणि आत्याने कधीच न पाहिलेला एकजण, तो 'गोड आवाज'. यात टवाळी नव्हती. खूण वाचली की आत्याच्या डोळ्यांपुढे माणूस उभा राही, आणि कुणाशी कसं बोलायचं ते आपोआप सुचे.

आता एरवी तिने हे सगळं इंजिनिअरला सांगितलंही असतं. पण ती स्टुलावर होती.

"जे आहे ते सगळं न्या," ती म्हणाली. "एक अक्षर गाळू नका. जुन्यातलं अमुक हरवलं, असं मला नंतर कुणी ऐकवायला नको."

"होऊन जाईल," इंजिनिअर म्हणाला, आणि त्याने ते करून टाकलं. नवं सॉफ्टवेअर अकलेचं होतं. अकरा सारखी नावं बघून त्याने आपलं आपण ठरवलं की खरी नावं शेजारच्या रकान्यातच असणार.

पुढचे दोन आठवडे आत्याचे माउसशी झटापट करण्यात गेले. पडद्यावरचा बाण तिच्या हाताला लागेना. "कुठे गेला?" असं ती विचारी, आणि चिमणी शांतपणे सांगे, "वरच्या कोपऱ्यात. पडद्याबाहेर नाही जाऊ शकत तो, काळजी करू नकोस." जुन्या-नव्याची बेरीज जुळते का ते बघायला आत्याने दोन संध्याकाळी कागदावर आकडेमोड केली. चूक सापडेल अशी तिला मनातून आशा होती. शेवटच्या आकड्यापर्यंत सगळं जुळलं. तिला आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, पण जरा उशिराने आणि अंमळ बेताचाच.

पहिल्या तारखेला सकाळी चिमणीने सगळ्यांना खोलीत बोलावलं.

"दर महिन्याला आत्याचे दोन दिवस बाकीसाठी फोन करण्यात जातात," ती म्हणाली. "आता हे एक बटण दाबलं की तीनशे बारा जणांच्या फोनवर आठवण जाईल. प्रत्येकाला त्याच्या नावाने."

"बटणांच्या दुकानात आणखी एक बटण," भाऊ म्हणाला आणि आपल्याच विनोदावर एकटाच हसला.

चिमणीने बटण दाबलं. पंधरा मिनिटं काहीच झालं नाही. मग टेबलावरचा फोन वाजला, आणि तो थांबतो न थांबतो तोच परत वाजला, आणि भाऊच्या खिशातला वाजला, आणि खाली काउंटरवरचाही.

आत्याने टेबलावरचा फोन उचलला. पलीकडे एक जाड आवाज होता. "आत्या, सुस्कारा म्हणजे कोण?"

आत्याला क्षणभर काही कळेना. तेवढ्यात चिमणीने आपल्या फोनवर गेलेला निरोप उघडला आणि काही न बोलता तो तिच्यापुढे धरला. *नमस्कार, सुस्कारा. आपल्या खात्यावर बाकी येणे आहे. कृपया लवकर भरावी.*

 आत्या बसली ती नेमकी स्टुलावर.

"सगळ्यांना असंच गेलं?" तिने विचारलं.

"सगळ्यांना," चिमणी म्हणाली. तिचा आवाज कापत होता; घाबरल्यामुळे की हसू दाबल्यामुळे, ते सांगणं कठीण होतं. "आत्या, हे 'नको-नको-दे' कोण आहेत?"

भाऊने स्वतःचा फोन काढला. दुकानात त्याचंही खासगी खातं होतं. गल्ल्यातून घेतलेली उचल त्यात मांडली जाई. त्याने आपला निरोप वाचला, मग मोठ्याने वाचला. "'नमस्कार, देऊ नये.' ताई, हे काय आहे?"

"ते तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी लिहिलंय," आत्या म्हणाली. "तू पैसे मागितलेस तर देऊ नयेत, असं."

भाऊने फोन खिशात घातला. ती सूचना बरोबर होती, हे त्यालाही माहीत होतं.

तो दिवस कसा गेला ते आत्यालाच ठाऊक. अकराच्या सुमाराला 'उद्या नक्की' स्वतः आला, नऊ वर्षांत पहिल्यांदा सगळी बाकी काउंटरवर मोजून ठेवली आणि म्हणाला, "आज दिले. आता लिहा काय लिहायचं ते." पावती न घेताच गेला. सुस्कारा दुपारी पुन्हा फोनवर आला. त्याला खरंच कळत नव्हतं. "मी सुस्कारे टाकतो?" तो विचारत होता, आणि मागून त्याची बायको म्हणत होती, "बरं झालं कुणीतरी सांगितलं. मी तीस वर्षं सांगतेय." मग फोनवर एक मोठा, लांबलचक सुस्कारा. 'नमुना एक'ने आपण त्यातले नव्हेच असं ठणकावून सांगितलं. पुढच्या आठवड्यात त्याच्याकडून एक पाकीट आलं. आत एकही दुसऱ्यासारखं नाही अशी त्रेचाळीस बटणं.

गोड आवाज महिन्याच्या पहिल्या मंगळवारी फोन करी. तो मंगळवार आला आणि फोन काही आला नाही. ऑर्डर लेखी आली. "बिचाऱ्याने बोलणंच टाकलं," चिमणी म्हणाली. आत्याने तिच्याकडे असं बघितलं की ती खाली दोरे मोजायला निघून गेली. मग आत्याने दार लोटून घेतलं आणि स्वतः फोन लावला.

"मी बोललो तर चालेल ना?" पलीकडून अवघडलेला प्रश्न आला.

"तुमच्याच फोनवरून कोण दुसरं बोलणार?" आत्या म्हणाली.

"नाही, म्हणजे शाळेत आम्हाला गाणं शिकवणाऱ्या बाई होत्या. त्यांनी मला ओठ हलव पण आवाज काढू नकोस असं सांगितलं होतं. त्यानंतर माझ्या आवाजाबद्दल कुणी बोललं ते तुमचं सॉफ्टवेअरच."

आत्या खोलीबाहेर आली तेव्हा तिचे कान लाल होते. "कोटाची बटणं, चार डबे," एवढंच तिने सांगितलं.

म्हणजे गाडं कसंबसं रुळावर येत होतं. बाजारात आत्याच्या खुणांची चर्चा झाली, दोनचार दिवस लोक येता-जाता एकमेकांना नव्या नावांनी हाका मारत राहिले, आणि बऱ्याच जणांना राग येण्याऐवजी उत्सुकताच जास्त होती. पण दहाव्या दिवशी चिमणी एक पत्र घेऊन वर आली आणि या वेळी ती हसत नव्हती.

पत्र दोन ओळींचं होतं. सगळी बाकी आज भरली आहे. यापुढे आमचं खातं बंद समजावं.

गावाच्या दुसऱ्या टोकाला कामगारांचे कोट शिवणारा एक कारखाना होता, त्याच्या मालकीणबाईंचं ते पत्र. चौदा शिलाई मशीनं. दुकानातून सगळ्यांत जास्त माल नेणाऱ्यांत तिसरा नंबर. आणि खुणेच्या रकान्यात त्यांच्यापुढे आत्याने लिहिलेलं होतं: अर्धा डझन.

"त्यांचा महिन्याचा माल म्हणजे आपल्या दुकानाचं भाडं," भाऊ म्हणाला. "मी जाऊन येतो. पाया पडतो हवं तर."

"लिहिलं मी," आत्या म्हणाली. "जाणार मी."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बसने गेली. कारखाना टायरच्या दुकानावर होता. लोखंडी जिना चढताना रबराचा वास सोबत आला आणि वर इस्त्रीच्या वाफेत मिसळून गेला. चौदाही मशीनं चालू होती. दारापाशी कापडाच्या गठ्ठ्यावर तिला बसवलं आणि वीस मिनिटं कुणी विचारलं नाही. तिने मांडणीवर बटणांचे डबे बघितले. वरच्या रांगेतल्या डब्यांवर दुसऱ्या दुकानाचा शिक्का होता. ते कालपरवाच आलेले असावेत.

मालकीण आली तेव्हा तिच्या गळ्यात टेप होती आणि बाहीच्या कडेला टाचण्यांची ओळ. वय पंचेचाळीसच्या आसपास. ती समोरच्या गठ्ठ्यावर बसली.

"पैसे पोचले ना?"

"पोचले. मी माफी मागायला आलेय."

"कशाची?" तिने विचारलं. "लिहिलंत त्याची, की मला कळलं त्याची?"

आत्या उत्तर तयार करून आली होती. ते तिने गिळलं. "कळलं त्याची," ती म्हणाली. "लिहिताना मनात वाईट काहीच नव्हतं."

"मला माहीत आहे. तुम्ही वाईट नाही आहात." तिने हे कौतुकाने म्हटलं नाही. "पंधरा वर्षांपूर्वी मी तुमच्या दुकानात आले तेव्हा घरात एक मशीन होतं. बटणांचं कार्ड बाराचं. मला सहाच हवी असायची, सहाचेच पैसे असायचे. बाजारात कुणी कार्ड फोडून द्यायचं नाही. तुम्ही द्यायचात."

हेच सांगायला आत्या आली होती. बसमध्ये तिने शब्दही जुळवून ठेवले होते.

"आणि द्यायच्या आधी," मालकीण पुढे म्हणाली, "तुम्ही वरून, त्या काचेतून ओरडायचात. 'अर्धा डझनवाली आलीय, तिला देऊन टाका.' दुकान भरलेलं असायचं. ग्रोसाने, बारा-बारा डझनांनी माल नेणारी माणसं वळून बघायची. पुढेपुढे मी समोरच्या फुटपाथवर उभी राहायची, गर्दी कमी होईपर्यंत. कधी अर्धा तास."

आत्याला ते एकदम आठवलं. काचेतून दिसे, समोर चष्म्याच्या दुकानापाशी ती उभी, काचेआडच्या फ्रेमा बघत.

"मला वाटायचं, तुम्हाला चष्मा करायचाय," आत्या म्हणाली.

"माझे डोळे ठणठणीत आहेत."

 एका मशीनचा दोरा तुटला, ते थांबलं, पुन्हा सुरू झालं.

"मी ओरडायची, कारण मला खाली यायचा कंटाळा होता," आत्या म्हणाली. "दुसरं काही नाही. तीन पायऱ्या आहेत. तेवढ्या उतरायला हव्या होत्या."

"ज्या दिवशी मी पहिल्यांदा पुरं कार्ड घेतलं," मालकीण म्हणाली, "त्या दिवशी घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं. आमच्याकडे तो मोठा दिवस होता. तुमच्या लक्षात तरी आलं होतं?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही," आत्या म्हणाली.

"तेच लागलं मला. आज पाच-पाच हजार बटणं नेते मी तुमच्याकडून. चौदा घरं चालतात या मशीनांवर. आणि तुमच्या कॉम्प्युटरात मी अजून सहा बटणं मागत दारात उभी आहे."

 एका बाईने दोन पेले पाणी आणून दिलं. ते पिऊन झाल्यावर मालकीण उठली. "तुम्ही आलात ते बरं केलंत," ती म्हणाली. "पण माल मी आता तिकडून ठरवलाय. तीन महिन्यांचा शब्द दिलाय."

"दिलेला शब्द मोडू नका," आत्या म्हणाली आणि जिना उतरली. परतीच्या बसमध्ये तिला जागा मिळाली होती, तरी ती दोन थांबे उभीच होती. बसायचं लक्षातच आलं नाही. इतकी वर्षं त्या सहा बटणांची गोष्ट ती मनाशी सांगत आली होती, आणि त्या गोष्टीत चांगलं माणूस नेहमी तीच असे.

दुसऱ्या दिवशी तिने चिमणीला सांगितलं, "माझं टेबल खाली घे. काउंटरच्या शेजारी."

"वर काय वाईट आहे?" भाऊने विचारलं.

"वर बसलं की ओरडून बोलायची सवय लागते."

नवा कॉम्प्युटर हलका होता. चिमणीने तो काखेत मारून खाली आणला. मग खुणांचा प्रश्न निघाला. चिमणी म्हणाली, "एका झटक्यात सगळ्या पुसता येतात. दाबू?"

"थांब," आत्या म्हणाली. "पुसून खाली काय लिहिशील? न्यू फॅशन टे?"

नव्या सॉफ्टवेअरमध्ये नावाचा रकाना पाहिजे तेवढा लांब होता. आत्याने पहिल्या पानापासून सुरुवात केली आणि एकेकाला फोन लावला. तुमच्या बिलावर नाव काय हवं, एवढा एकच प्रश्न. तिला वाटलं होतं, आठवड्यात आटपेल. पाच आठवडे लागले, कारण माणसं या प्रश्नाला पटकन उत्तर देत नाहीत. एकाने विचार करून आपल्या आईचं नाव सांगितलं. दुकान तिच्या पैशांवर उभं राहिलं होतं, आणि ते आजवर कुठेच लिहिलेलं नव्हतं. पुलापलीकडच्याने आपल्या नावापुढे 'आणि मुली' असं घालायला लावलं; तिघी आता मशीनवर बसत होत्या. मिशीवाला म्हणाला, मिशी काढून सात वर्षं झाली.

एक म्हातारा शिंपी होता, 'दोन छत्र्या'. त्याने विचारलं, ही खूण कशी पडली? आत्याने सांगितलं, "पहिल्यांदा आलात तेव्हा पाऊस नव्हता, आणि तुमच्या हातात दोन छत्र्या होत्या. मी विचारलं तर म्हणालात, एक बायकोची, ती कामावरून सुटेल तेव्हा पाऊस असेल." पलीकडे मशीनचा आवाज थांबला. मग तो म्हणाला, "ते तसंच राहू द्या."

एवढ्या नावांमागे बाण कधी हाताला लागला, ते आत्याला कळलंही नाही. तीनशे अकरा नावं पुरी झाली. कारखान्याच्या मालकिणीपुढचा रकाना तिने रिकामा ठेवला. खातं बंद होतं. फोन करून विचारण्याचा हक्क आपल्याला नाही, असं तिला वाटत होतं.

चार महिन्यांनी एका सकाळी मालकीण दुकानात आली. हातात करड्या रंगाच्या कोटाची एक सुटी बाही होती. आत्या टेबलावरून उठली. दोघींनी खुशाली विचारली नाही. मालकिणीने बाही काउंटरवर पसरली. "याला जुळणारी हवीत. चार भोकांची."

आत्याने चार खण काढले. दुकानातल्या दिव्याखाली करड्याचा अंदाज येईना, म्हणून दोघी बाही आणि बटणांचं तबक घेऊन बाहेर फुटपाथवर गेल्या आणि उजेडात एकेक बटण कापडावर ठेवून बघत राहिल्या. एक जरा निळसर निघालं, एक फारच काळं. तिसरं दोघींनी एकदम उचललं.

आत आल्यावर आत्याने खातं उघडलं. "नाव काय लिहू?"

मालकिणीने कारखान्याचं नाव सांगितलं, मग स्वतःचं, पूर्ण. आत्याने प्रत्येक अक्षर टाकलं आणि पडदा तिच्याकडे वळवून दाखवला. तिने वाचलं, मान हलवली. बिल छापून आलं तेव्हा मात्र तिने ते वरपासून खालपर्यंत दोनदा बघितलं.

"हा दर कुठला?"

"या महिन्यापासूनचा," आत्या म्हणाली.

"तिकडे दोन टक्के कमी लावतात."

"तिकडच्या बटणांचा रंग टिकतो का?"

"दोन धुण्यांत जातो," मालकीण म्हणाली. "नाहीतर मी इथे कशाला आले असते? पण म्हणून काय वाटेल तो दर लावाल?"

आत्याने खुर्ची पुढे ओढली. मालकिणीने पिशवी खाली ठेवली आणि तीही समोर नीट टेकून बसली. भाऊने दोघींच्या चेहऱ्यांकडे एकदा बघितलं, आणि आता इथे आपलं काही काम नाही हे ओळखून तो समोर चष्मेवाल्याकडे चहा प्यायला निघून गेला.